फरकाचा रकाना

"ही कंपनी नक्की करते तरी काय?" मोठ्या साहेबांनी पडद्यावरच्या मधल्या रकान्यावर पेन रोखत विचारलं, आणि त्याने पुढचामागचा विचार न करता उत्तर दिलं, "बाहेर काही नाही, साहेब. सगळं घरातल्या घरात." उत्तर बरोबरच होतं. त्याच्या कामाच्या भाषेत याहून नेमकं उत्तर देता आलं नसतं. एकाच मालकाच्या तीन कंपन्या, औषधांची, खोक्यांची आणि ट्रकांची. खोक्यांची कंपनी आपली सगळी खोकी औषधांच्या कंपनीला विकते. पुढच्या वर्षाचा अंदाज मांडताना एक म्हणते माझी इतकी विक्री होईल, दुसरी म्हणते माझी इतकी खरेदी होईल. पण तिघींचा मिळून एकच अंदाज करायचा झाला की हे आपापसातलं देणंघेणं काटून टाकावं लागतं, नाहीतर डाव्या खिशातून काढून उजव्या खिशात टाकलेला पैसासुद्धा कमाई म्हणून मिरवायला लागेल. ही काटाकाट गेली कित्येक वर्षं त्याच्याकडे होती. त्यावरून ऑफिसात त्याला 'कात्री' म्हणत, आणि खरं सांगायचं तर ते नाव त्याला आवडायचं. खोक्यांच्या कंपनीचं सगळंच आपापसातलं, त्यामुळे काटल्यावर तिच्या रकान्यात खाली शून्य उरायचं. आजवर ते कुणाच्या डोळ्यांवर आलं नव्हतं. मोठे साहेब नवे होते, त्यांच्या आलं. "आणि घरातले औषधवालेही पुढच्या वर्षीपासून बाहेरूनच घेणार म्हणतायत, स्वस्त पडतं म्हणून. मग ही ठेवायची कशाला?" ते म्हणाले. फायनान्सच्या मॅडमनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं. साहेब ट्रकांच्या डिझेलवर गेले. कुणीतरी खिडकीचा पडदा सारखा केला, चहाचे कप आत आले, आणि तेव्हा कुठे तो चपापून पुन्हा पडद्याकडे वळला. त्या रकान्यात ताई बसते, आपली ताई, हे त्याला एवढ्या वेळाने आठवलं होतं.

आठवलं म्हणजे तो विसरला होता असं नाही. सख्ख्या बहिणीला कोण विसरतं? पण कामाला बसलं की ताई त्या रकान्यात नसायची, तिथे फक्त आकडे असायचे. ताई असायची ती रविवारच्या फोनवर, भाचीच्या लग्नाच्या फोटोंत, भावजी गेले त्या दिवशीच्या दवाखान्याच्या बाकावर. खोक्यांच्या कंपनीची अकाउंटंट नावाची जी कोणी बाई दर तिमाहीला वेळेवर अंदाज पाठवायची, ती वेगळी. तिच्या मेलखाली नाव ताईचंच असायचं, पण ते नाव तो वाचत नसे, दाराच्या पाटीवरचं आपलं स्वतःचं नाव आपण वाचत नाही तसं. आज मात्र चहाचा कप हातात धरून, साखर ढवळायची विसरून, तो त्या शून्याकडे बघत राहिला. पडद्यावर आता ट्रक होते. शून्य केव्हाच वर सरकून गेलं होतं. शेजारच्या खुर्चीतल्या खरेदी खात्याच्या माणसाने हळूच विचारलं, "काय हो कात्री, बरं नाही का?" तो म्हणाला, "नाही, चहा गरम आहे." चहा तर गार झाला होता.

ऑफिस सुटल्यावर तो बसने न जाता चालत निघाला. ताईचं घर त्या बाजूला नव्हतं, त्याचंही नव्हतं. पादचारी पुलाच्या पायऱ्या चढताना त्याला बटणं आठवली, आणि इतकी स्पष्ट आठवली की कठड्याच्या गार लोखंडावर ठेवलेल्या हाताला ती गोल, गुळगुळीत लागली. वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि आई तिथेच काज-बटण करायची. शाळा सुटली की ही दोघं भावंडं घरी एकटीच. ताई सात वर्षांनी मोठी, म्हणजे राणी तीच आणि प्रधानही तीच. ती पलंगावर दुकान मांडायची. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात उरलीसुरली बटणं असायची, तेच पैसे. अर्धी त्याला, अर्धी तिला. तो गिऱ्हाईक. काड्यापेटी घ्या, पट्टी घ्या, उशी घ्या. "उशी महाग आहे, पण कापूस बघा केवढा," असं ती हात नाचवत म्हणायची. मग उलटायचं, तो दुकानदार आणि ती गिऱ्हाईक, आणि ती अशी काही घासाघीस करायची की तो रडकुंडीला यायचा. दिवेलागणीला आईची चप्पल वाजली की सगळी बटणं पुन्हा एका डब्यात. आई विचारायची, काय केलंत रे दिवसभर? ताई म्हणायची, दुकान चालवलं. तो म्हणायचा, काही नाही. त्याला खरंच तसं वाटायचं, कारण डब्यात बटणं तेवढीच होती. ताई मग त्याच्या डोक्यात टपली मारायची. पुलावरून खाली गाड्यांचे लाल दिवे एकमेकांना चिकटून सरकत होते. कसली धन्य बुद्धी आपली, त्याला वाटलं, सहा वर्षांचे असतानाच आपण आपली नोकरी शिकून बसलो होतो.

नोकरीही ताईमुळेच मिळाली होती. ती आधीपासून खोक्यांच्या कंपनीत होती, तिने शब्द टाकला आणि तो तिथे चिकटला. दोन वर्षं दोघं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना. मागे छपाईचं यंत्र धडधडायचं आणि डबा उघडला की भाजीला सरसाचा वास. खोकी चिकटवणाऱ्या बायका त्याला ताईचा बारक्या म्हणायच्या. ताई अकाउंटंट, पण खोक्यावर तिचा फार जीव. सपाट पुठ्ठा हातात घेऊन ती एका झटक्यात उभा करायची, झाकण बंद करून कानाशी न्यायची आणि म्हणायची, "आवाज आला पाहिजे, टक्. नाही आला तर डाय झिजलीय." हिशेब करणाऱ्या बाईला पुठ्ठा कापायच्या साच्याशी, त्या डायशी, काय करायचंय, असं त्याला तेव्हाही वाटायचं. पुढे हेड ऑफिसात जागा निघाली, त्याची निवड झाली, आणि पहिल्याच महिन्यात ताईने फोन केला. एका चिकटवणाऱ्या बाईची उचल अडली होती, जरा बघशील का? काम पाच मिनिटांचं होतं. पण समोर फायनान्सच्या मॅडम बसल्या होत्या, तो नवा होता, खुर्ची अजून अंगाला बसली नव्हती. त्याने आवाज खाली आणून, जरा तोडूनच सांगितलं, "ताई, ऑफिसचं घरात नको आणि घरचं ऑफिसात नको. जे काही असेल ते कागदावर पाठव, रीतसर." पलीकडे क्षणभर यंत्राची धडधड ऐकू आली. मग ताई म्हणाली, "बरं. रीतसर पाठवते." आणि त्यानंतर तिने शब्द पाळला. रविवारच्या फोनवर भाचीचं शिक्षण निघायचं, गुडघे निघायचे, गच्चीवरची गळती निघायची. खोक्यांचं नाव कधी निघालं नाही. तो तेव्हा मनातून खूश झाला होता. बहिणीने आपल्याला ओळखलं, असं त्याला वाटलं होतं.

पुलाच्या मधोमध एक माणूस मोबाइलची कव्हरं विकत बसला होता. तो तिथेच जरा थांबला, न बघता बघत. त्याच्या आधी काटाकाटीचं हे काम एका म्हाताऱ्या हेडक्लार्ककडे होतं. दर तिमाहीला त्यांचा आठवडा फोनवर ओरडण्यात जायचा. कारण दोन अंदाज कधीच जुळत नाहीत. विकणारी आशा जास्त धरते, घेणारी हात राखून लिहिते, आणि मधे फरक उरतो. हेडक्लार्क तो फरक धरून बसायचे. इकडे फोन, तिकडे फोन. "अहो, तुम्ही म्हणताय विकणार आणि ते म्हणतायत घेणारच नाही, मग खोकी काय डोक्यावर घेऊन नाचणार?" सगळा मजला हसायचा. पण आठवडाअखेरीला त्यांना तिन्ही कंपन्यांची नाडी ठाऊक असायची. ते निवृत्त झाले आणि काम त्याच्याकडे आलं. फोनवर बोलणं त्याच्या जिवावर यायचं. त्याने एक युक्ती केली. शीटमध्ये एक जादा रकाना घातला, 'फरक', आणि नियम ठरवून टाकला की दोघांचं जुळलं नाही तर घेणाऱ्याचं खरं धरायचं. बाकीचं तो रकाना आपोआप गिळून टाकायचा. आठवड्याचं काम एका सकाळवर आलं. मॅडमनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, कात्री हे नाव तेव्हाच पडलं. हेडक्लार्क एकदा पेन्शनच्या कामाला आले होते. ती शीट बघून ते म्हणाले, "छान आहे. पण आता बोलणार कोण?" म्हातारं माणूस, चुकचुकणारच, असं म्हणून त्याने हसून सोडून दिलं होतं.

या वर्षाच्या पहिल्या तिमाहीला खोक्यांचा फरक जरा फुगला होता. दुसऱ्या तिमाहीला आणखी फुगला. या खेपेला औषधांच्या कंपनीने पुढच्या वर्षाच्या खोक्यांपुढे सरळ शून्य भरलं होतं, आणि खोक्यांच्या कंपनीने विक्री मात्र गेल्या वर्षाच्या दीडपट दाखवली होती. असला राक्षसी फरक आजवर कधीच आला नव्हता. त्याने तो पाहिला होता. कानाडोळा केला असंही म्हणता येत नाही, नीट पाहिला होता, आणि गालातल्या गालात हसला होता. ताईला पहिल्यापासून आशा फार. उशीत कापूस बघा केवढा! मग त्याने बटण दाबलं, रकान्याने तो फरक गिळला, खाली शून्य आलं, आणि तो जेवायला गेला. त्या दिवशीचं जेवणही त्याला चांगलं आठवत होतं, कारण बायकोने डब्यात त्याच्या आवडीचं दिलं होतं. एक फोन. कव्हरवाल्याच्या समोर उभं राहून त्याने खिशातला फोन चाचपला. तीन वेळा, फक्त एक एक फोन करायचा होता, आणि तोसुद्धा बहिणीला. माणूस दगड झाला तरी किती व्हावा, असं मनाशी म्हणत तो पूल उतरला आणि ताईच्या घराकडे जाणारी बस त्याने धावत पकडली.

ताईने दार उघडलं तेव्हा तिच्या हातात इस्त्री केलेला ब्लाउज होता आणि चष्मा कपाळावर. "अरे, आज मधेच? घरी सगळं ठीक ना?" तो आत आला. बैठकीच्या खोलीत कपाटावर, टीव्हीखाली, टेबलाच्या कोपऱ्यात खोकीच खोकी, घडी न मोडलेली नि उभी केलेली. त्यात औषधांची होतीच, पण एक नवीन दिसत होतं, चौकोनी, आत पन्हळी पुठ्ठ्याच्या खाचा असलेलं. त्याने ते उचललं. ताईने पाणी दिलं आणि समोर बसली. कसं सांगावं हे त्याने बसमध्ये चार तऱ्हांनी घोकलं होतं. प्रत्यक्षात तो एवढंच म्हणाला, "ताई, त्या औषधवाल्यांनी पुढच्या वर्षी शून्य भरलंय."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"वर्षाच्या सुरुवातीपासून. त्यांच्या गोदामातला माणूस आपलाच आहे, त्याने सांगितलं. बाहेरच्या कोणाचे नमुने येऊन पडलेत म्हणाला. झाकण दाबलं की फुसकन दबतं, पण स्वस्त."

"मग तू दीडपट विक्री कशी काय दाखवलीस?" त्याचा आवाज नकळत ऑफिसातला झाला.

ताईने कपाळावरचा चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा कपाळावरच ठेवला. "फरक मोठा व्हावा म्हणून," ती म्हणाली.

त्याला आधी कळलंच नाही. तिला ते दिसलं असावं, कारण लहानपणी भागाकार शिकवताना जशी थांबत थांबत बोलायची तशी ती बोलायला लागली. "अरे, तुमचे ते हेडक्लार्क होते ना, त्यांच्या वेळी फरक मोठा आला की फोन यायचाच. ओरडायचे, पण विचारायचे. मी म्हटलं, आपण मोठा आकडा टाकू, म्हणजे हेड ऑफिस विचारेल, काय हो बाई, डोकं फिरलंय का? मग मी सांगेन. की बाबांनो, ते घेणार नाहीत हे आम्हाला कळलंय. पण आम्हाला बाहेर विकायची परवानगी द्या. हे तुझ्या हातात आहे ना, ते बल्बचं खोकं. बल्बचे कारखानेवाले दोनदा येऊन गेले. वरून टाकून बघितलं, बल्ब फुटला नाही. पण बाहेर विकायचं तर हेड ऑफिसची सही लागते. आमच्या मॅनेजरनी दोनदा लिहिलं, उत्तर नाही. मग म्हटलं, आकड्यातूनच बोलू. फरकाला तरी उत्तर द्यावंच लागेल." ती जरा थांबली. "पहिल्या वेळी थोडा टाकला. फोन नाही आला. म्हटलं, लहान पडला असेल. दुसऱ्या वेळी वाढवला."

बल्बचं खोकं त्याच्या हातात होतं. त्याने ते मांडीवर ठेवलं. "मला का नाही सांगितलंस? सरळ? मी तुझा भाऊ ना?"

"भाऊ म्हणून सांगायचं नाही, असं ठरलं होतं ना आपलं," ताई म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं. "रीतसर पाठव म्हणालास. मी रीतसर पाठवलं. आणि काय रे, मला वाटायचं, फोन आला तर तुझाच येईल. बायकांना मी सांगून ठेवलं होतं, थांबा, हेड ऑफिसात आपला बारक्या आहे, त्याच्या नजरेतून सुटणार नाही." ती उठली आणि इस्त्रीचं बटण बंद केलं. "बल्बवाल्यांनी मागच्या महिन्यात दुसरीकडे ऑर्डर दिली. किती थांबतील बिचारे."

भिंतीवरचं घड्याळ चालत होतं, खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती होत नव्हती. ती एक विक्री असती, त्याच्या डोक्यात येत होतं, ती एकच विक्री आपल्या कात्रीत सापडली नसती. बाहेरची होती ती. आज पडद्यावर त्या रकान्याच्या तळाशी शून्य नसतं, एक आकडा असता, कितीही बारका का असेना, आणि साहेबांनी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, बल्बची खोकी करतात साहेब, वरून टाकली तरी आतला बल्ब फुटत नाही. त्याला वाटलं, आत्ता जावं आणि मॅडमच्या घराची बेल वाजवावी. पण बल्बवाले गेले होते, आता सही कशावर मागायची? ताईने विचारलं, "मीटिंग होती ना आज? आमच्याबद्दल काही निघालं?" इथे तो खोटं बोलू शकला असता. तिनेही ते खरं मानून घेतलं असतं. पण निदान एवढं तरी तिला रीतसर देणं लागतो असं त्याला वाटलं, आणि त्याने साहेबांचा प्रश्न सांगितला, स्वतःचं उत्तर सांगितलं, शब्द न बदलता. बाहेर काही नाही, सगळं घरातल्या घरात.

ताई हसली, अगदी थोडंसं. "आईलाही हेच सांगायचास तू," ती म्हणाली. त्याला वाटलं आता टपली बसेल, त्याने मान किंचित पुढेसुद्धा केली. पण ताई ब्लाउजची घडी घालायला लागली होती. "सुधारलेले अंदाज उद्या सकाळी द्यायचेत ना? मी आजच भरून ठेवलेत. या वेळी नीट भरलेत, तुला त्रास नाही होणार." तो निघाला तेव्हा तिने दारात येऊन, नेहमीसारखं, पोचलास की फोन कर म्हणून सांगितलं. रात्री त्याने फोन केला, पोचलो म्हणून सांगितलं, आणि दोघांनी लगेच ठेवून दिला.

सकाळी तो सगळ्यांच्या आधी ऑफिसात आला. झाडूवाली बाई अजून खुर्च्या सरकवत होती. ताईची फाइल आलेली होती. त्याने ती उघडून शीटमध्ये घेतली. मेलखालचं नाव त्याने आज वाचलं, दोनदा वाचलं. औषधांच्या कंपनीकडून खोक्यांची खरेदी, शून्य. खोक्यांच्या कंपनीची विक्री, शून्य. फरक, शून्य. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती ओळ आपली आपण जुळली होती. त्याच्या रकान्याला गिळायला काही उरलं नव्हतं आणि त्याला काटायला काही उरलं नव्हतं. मग त्याने टेबलावरचा फोन ओढला. खोक्यांच्या कंपनीचा नंबर त्याला पाठ नव्हता, तो भिंतीवरच्या यादीत शोधावा लागला. घंटा वाजत राहिली. मग कुणीतरी उचलला, मागे यंत्राची धडधड चालू होती, अजून चालू होती, आणि ताईचा आवाज आला, ऑफिसातला, नीटनेटका. "बोला, हेड ऑफिस."

"ताई, मी बोलतोय."

"हं. आली का फाइल?"

"आली."

"जुळतंय ना?"

त्याने पडद्याकडे पाहिलं. "जुळतंय," तो म्हणाला.

धडधडीतून ताई किंचित मोठ्याने, खरोखरच न कळून म्हणाली, "मग आता फोन कशाला केलास?"